बाळाचे दुधाचे दात: येताना औषधांचा मारा, किडताना दुर्लक्ष, असं का होतं?

'त्याला दात येतायत ना, म्हणून ताप आहे.'

सहा-सात महिन्यांचं बाळ असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. मग कुणी हिरड्यांना लावायचं जेल सुचवतं, कुणी साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या, कुणी गळ्यात घालायची माळ. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'मॉम्स ग्रुप'मध्ये तासाभरात दहा उपाय गोळा होतात.

दोन-अडीच वर्षांनी त्याच बाळाचे समोरचे दात तपकिरी पडायला लागतात. तेव्हा मात्र वाक्य बदलतं. 'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.' आणि तिथे विषय संपतो.

खरं तर हे नेमकं उलटं आहे. दात येणं हा आजार नाही. तो वाढीचा एक टप्पा आहे आणि बहुतेक वेळा त्याला औषध लागत नाही. दात किडणं हा मात्र आजार आहे, आणि तोही जगातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालानुसार जगभरात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. भारतात वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लहान मुलांमधल्या दातकिडीचं प्रमाण जवळपास निम्मं असल्याचं दिसलं.

मग औषधं जिथे नकोत तिथे का दिली जातात आणि काळजी जिथे हवी तिथे का घेतली जात नाही? गेल्या दोन वर्षांतल्या काही घडामोडी पाहिल्या, तर हा प्रश्न फक्त आई-बाबांच्या सवयींचा नाही, हे लक्षात येतं.

पहिला दात कधी येतो?

दुधाचे दात एकूण २० असतात. दात हिरडीतून बाहेर पहिल्या वर्षात येत असले, तरी त्यांची घडण आईच्या पोटातच सुरू होते.

बहुतेक बाळांचे खालचे समोरचे दोन दात ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान दिसतात. त्यानंतर वरचे समोरचे, मग बाजूचे. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास, त्यानंतर सुळे आणि सर्वांत शेवटी मागच्या दाढा. अडीच ते तीन वर्षांपर्यंत २० दात पूर्ण होतात.

या वेळापत्रकात काही महिने इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. शेजारच्या बाळाला पाचव्या महिन्यात दात आला आणि आपल्याला दहाव्या महिन्यातही नाही, म्हणजे कॅल्शियम कमी आहे असं समजायचं कारण नाही. दीड वर्ष उलटूनही एकही दात आला नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

आणखी एक समज आपल्याकडे घट्ट आहे: वरचे दात आधी आले तर ते मामाला जड. दात येण्याचा क्रम प्रत्येक बाळाचा थोडा वेगळा असू शकतो. त्याचा मामाशी काही संबंध नाही.

दात येताना ताप आणि जुलाब होतात का?

हिरड्या शिवशिवतात. लाळ गळते. बाळ किरकिर करतं, हाताला येईल ते चावतं, कधी झोप मोडते. अंगही किंचित कोमट लागू शकतं. इतकं दात येण्यामुळे होतं.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दात येताना तापमान थोडं वाढू शकतं, पण ते खऱ्या तापाच्या पातळीपर्यंत जात नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग इतक्या घरांचा अनुभव खोटा का? अनुभव खरा आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे.

सहाव्या महिन्यानंतर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरायला लागते. उष्टावण होतं आणि वरचं अन्न-पाणी सुरू होतं. बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. म्हणजे जंतूंचा संसर्ग होण्याचं आणि दात येण्याचं वय एकच आहे. दात दिसतो, जंतू दिसत नाहीत. त्यामुळे दोष दातावर जातो.

यात खरा धोका असा, की 'दातांचेच जुलाब आहेत' म्हणून घरात दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. बाळाच्या शरीरातलं पाणी तेवढ्यात झपाट्याने कमी होऊ शकतं. जुलाब दातांमुळे असोत वा नसोत, ओआरएस द्यायला उशीर करू नये. ताप १०० अंशांच्या वर गेला, बाळ दूध ओढत नसेल, मरगळलं असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर दात आहेत की नाहीत हा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

जेल, गोळ्या आणि माळा: यातलं काय सुरक्षित आहे?

हिरडी बधिर करणाऱ्या जेलमध्ये बहुधा बेंझोकेन किंवा लिग्नोकेन ही औषधं असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दात येण्यासाठी म्हणून बेंझोकेनची उत्पादनं दोन वर्षांखालच्या मुलांसाठी विकू नयेत. या औषधामुळे क्वचित प्रसंगी रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता अचानक घटते आणि ते जिवावर बेतू शकतं. लिग्नोकेनबद्दल याच संस्थेने २०१४ मध्ये इशारा दिला होता. बाळाने ते गिळलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो.

आपल्याकडे तोंड आल्यावर लावायची जी जेल औषधाच्या दुकानात सहज मिळतात, त्यातल्या अनेकांमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. हे अ‍ॅस्पिरिनच्या कुटुंबातलं औषध आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००९ मध्येच अशी जेल १६ वर्षांखालच्या मुलांना वापरू नयेत, असं सांगितलं. घरात मोठ्यांसाठी आणलेली ट्यूब बाळाच्या हिरडीला लावण्याआधी तिच्यावरचं नाव वाचणं म्हणूनच गरजेचं आहे.

दात 'सोपे' यावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या गोड गोळ्यांमुळे दात लवकर किंवा कमी त्रासात येतात, याचा ठोस पुरावा नाही. अंबरच्या मण्यांच्या माळा सध्या ऑनलाइन बऱ्याच विकल्या जातात. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट माळ गळ्याला आवळण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका मात्र खरा आहे.

मग करायचं काय? स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडीवर हलका दाब द्यायचा. स्वच्छ, ओला सुती कपडा फ्रीजमध्ये गार करून चावायला द्यायचा. रबराचं टीदर चालतं, पण ते गार असावं, बर्फासारखं गोठलेलं नको. कच्च्या गाजराचा तुकडा, सुकं खोबरं, खारीक चघळायला देण्याची पद्धत आहे. पण तुकडा मोडून घशात अडकू शकतो, म्हणून ते टाळावं. मध एक वर्षापर्यंत चाटवूही नये. त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

हा इतिहास विसरण्यासारखा नाही

दात येण्याला आजार समजून औषध देण्याची किंमत जगाने याआधी मोजली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात लहान मुलांमध्ये एक विचित्र आजार दिसायचा. हातपाय गुलाबी होऊन दुखायचे, बाळ सतत रडायचं, काही मुलं दगावायची. कारण कळत नव्हतं. शेवटी लक्षात आलं, की दात येताना दिल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग होतं. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या उत्पादकांनी या पावडरींतून पारा काढून टाकला आणि तो आजार जवळजवळ नाहीसाच झाला.

२००८ मध्ये नायजेरियात 'माय पिकिन' नावाचं सिरप विकलं जात होतं. दात येताना होणाऱ्या त्रासावरचं ते औषध. त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलं गेलं होतं. ८० हून अधिक मुलांचा मृत्यू झाला.

हेच रसायन महाराष्ट्राच्या वेशीवर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातल्या मुलांना खोकल्याचं 'कोल्ड्रिफ' सिरप दिलं गेलं होतं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं गेलं, पण वीसहून अधिक मुलं वाचू शकली नाहीत. सिरपच्या तपासणीत ४८ टक्क्यांहून जास्त डायथिलीन ग्लायकॉल सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं.

छिंदवाड्यातलं औषध दातांचं नव्हतं. पण दोन्ही घटनांमधला धडा एकच आहे. जो त्रास आपोआप जाणार आहे, त्यासाठी बाळाच्या पोटात औषध घालताना फायदा शून्य असतो आणि धोका शून्य नसतो.

पडणारच आहेत, मग काळजी कशाला?

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ.

दुधाचे दात पडतात हे खरं. पण कधी? समोरचे दात सहा-सात वर्षांच्या आसपास पडतात. मागच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे दोन वर्षांची असताना आलेली दाढ पाचवी-सहावीतल्या मुलाला जेवायला लागते. 'पडणारच' म्हणून सोडून दिलेल्या दाढेला अजून आठ-नऊ वर्षं काम करायचं असतं.

दुधाच्या दातांवरचं कवच, म्हणजे इनॅमल, कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं. त्यामुळे कीड लवकर आत, नसेपर्यंत पोहोचते. मग ठणका, सूज, पू. दुखतं म्हणून मूल एका बाजूने खातं, पोळी-भाकरी नको म्हणतं, रात्री झोपत नाही. दोन वर्षांच्या मुलाला 'दाढ दुखतेय' असं सांगता येत नाही. घरच्यांना ते फक्त हट्टी आणि खायला नखरे करणारं वाटतं.

कायमचा दात दुधाच्या दाताच्या मुळाखालीच तयार होत असतो. वरचा संसर्ग खाली उतरला, तर नव्या दातावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. पुढे तारा लावण्याचा खर्च अनेकदा इथून सुरू होतो.

लहान वयात बऱ्याच दातांवर एकदम उपचार करायचे, तर मुलाला पूर्ण भूल द्यावी लागू शकते. इंग्लंडमध्ये ५ ते ९ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण दातकीड हेच आहे.

कीड सुरू कुठून होते?

तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दातातली खनिजं विरघळवतं. लाळ हे नुकसान भरून काढते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणून मूल एकूण किती गोड खातं, यापेक्षा दिवसातून किती वेळा खातं हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

रात्री हा हिशेब सर्वांत बिघडतो. झोपेत लाळ कमी होते. बाळ दुधाची बाटली तोंडात धरून झोपलं, की दूध तासन्‌तास वरच्या समोरच्या दातांभोवती साचून राहतं. त्यात साखर असेल तर नुकसान आणखी वाढतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बरेचदा वाचतात. समोरचे वरचे चार दात किडलेले आणि खालचे चांगले, असं चित्र दिसलं की दंतवैद्य आधी बाटलीबद्दल विचारतात.

स्तनपानाचं काय? ते थांबवण्याचं कारण नाही. दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान सुरू ठेवावं, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षभरानंतर रात्री वारंवार अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये मात्र कीड जास्त आढळते. त्यावर उपाय स्तनपान बंद करणं हा नसून, झोपण्याआधी दात स्वच्छ करणं आणि दिवसभरात साखर न देणं हा आहे.

इथे मराठी घरांतली एक पळवाट सांगायला हवी. 'आम्ही साखर देतच नाही, नाचणीच्या सत्त्वात गूळ घालतो.' गूळ, मध, खजूर, काकवी: जिवाणूंसाठी ही सगळी साखरच. चहात बुडवलेलं बिस्किट तर दाताला चिकटून बसतं, त्यामुळे ते आणखी वाईट.

साखर फक्त घरातून येत नाही

एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 'पब्लिक आय' या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या सर्व प्रकारांमध्ये वरून घातलेली साखर होती, एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळपास ३ ग्रॅम. ब्रिटन आणि जर्मनीत तशाच उत्पादनांत वरून घातलेली साखर नव्हती. आपण भारतातले सर्व नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असं नेस्ले कंपनीने सांगितलं. केंद्र सरकारने अन्न सुरक्षा प्राधिकरणाला चौकशी करायला सांगितलं. त्याच वर्षी पुढे कंपनीने शुद्ध साखर न घातलेले प्रकार बाजारात आणण्याची घोषणा केली.

या वादात दातांची चर्चा फारशी झालीच नाही. पण सहाव्या महिन्यात, म्हणजे पहिला दात येण्याच्या सुमारास, जिभेला जी चव लागते तीच मूल पुढे मागतं. साधी पेज किंवा वरण-भात मग 'अळणी' वाटू लागतो.

भारतात याविषयी कडक कायदा आहे. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार बाळाचं पावडरचं दूध, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं डबाबंद अन्न आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची कोणत्याही स्वरूपात जाहिरात करायला बंदी आहे. टीव्हीवर या जाहिराती दिसत नाहीत, ते यामुळेच. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये 'आमच्या बाळाला हेच आवडतं' म्हणत डबा दाखवला, तर ती जाहिरात आहे की अनुभव, हा प्रश्न मात्र १९९२ च्या कायद्याला पडला नव्हता.

कररचनेतही गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ही चांगली बातमी होती. त्याच दिवशी, त्याच यादीत बिस्किटं आणि चॉकलेटंही १८ वरून ५ टक्क्यांवर आली आणि दूध पाजायच्या बाटल्या १२ वरून ५ वर. ४० टक्के जीएसटी लागला, तो गोड शीतपेयांसारख्या काही वस्तूंवर. कराचा परिणाम होतो का? ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांवर कर लावला. त्यानंतर कीड लागल्यामुळे दात काढायला रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं आणि सर्वांत मोठी घट ४ वर्षांपर्यंतच्या वयोगटात दिसली.

फ्लोराईड: अमेरिकेतला वाद आणि आपलं पाणी

'फ्लोराईड विष आहे, बाळाला बिनफ्लोराईडचीच पेस्ट द्या' असे व्हिडिओ २०२५ पासून भारतातही जोरात फिरतायत. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराईड मिसळलं जातं. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी ते बंद केलं. लहान मुलांना गिळायला दिल्या जाणाऱ्या फ्लोराईडच्या थेंबांवर आणि गोळ्यांवरही तिथल्या नियामकाने निर्बंध आणायला सुरुवात केली.

भारतात पाण्यात फ्लोराईड मिसळलं जात नाही. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच नैसर्गिक फ्लोराईड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर त्याचे पिवळे-तपकिरी डाग दिसतात.

मग पेस्टचं काय? साधा हिशेब करून पाहू. भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराईड असू शकतं आणि ते प्रमाण ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. बाळाने ती सगळी गिळली, तरी पोटात ०.१ मिलीग्रॅम फ्लोराईड जातं. उलट लिटरला १.५ मिलीग्रॅम फ्लोराईड असलेलं एक लिटर पाणी प्यायलं, तर त्याच्या पंधरापट.

म्हणून पेस्ट बंद करणं हा उपाय नाही, तिचं प्रमाण सांभाळणं हा आहे. फ्लोराईडयुक्त पेस्ट ही कीड रोखण्याची सिद्ध झालेली पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ज्या गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथे कोणती पेस्ट वापरायची हे दंतवैद्याला विचारून ठरवावं. तिथे खरा उपाय पिण्याचं पाणी बदलणं हाच आहे.

घरी नेमकं काय करायचं?

दात येण्याआधी: दिवसातून एकदा स्वच्छ ओल्या सुती कपड्याने हिरड्या हलक्या हाताने पुसाव्यात. बाळाला तोंडात कुणी हात घालण्याची सवय होते, आणि पुढे ब्रश करताना ती उपयोगी पडते. मिश्री हिरड्यांना कधीही लावू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे.

पहिला दात दिसल्यापासून ३ वर्षांपर्यंत: मऊ, छोटा ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट. सकाळी आणि रात्री, असं दोनदा. रात्रीचं ब्रश चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. बाळाला मांडीवर झोपवून, डोकं आपल्याकडे घेऊन ब्रश केला की दात नीट दिसतात.

३ ते ६ वर्षं: वाटाण्याएवढी पेस्ट. ब्रश मुलाच्या हातात द्यावा, पण शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतः नीट ब्रश करता येत नाही.

दूध आणि पाणी: शक्य तिथे बाटलीऐवजी वाटी-चमचा. वर्षभराचं झाल्यावर पेला. बाटली सुटत नसेल, तर निदान ती तोंडात ठेवून झोपवू नये. फळांचा रस पहिल्या वर्षी देऊच नये, फळ कुस्करून द्यावं.

महिन्यातून एकदा: बाळाचा वरचा ओठ उचलून हिरडीलगत पाहावं. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर दात अजून वाचवता येतो. डाग तपकिरी झाला की खड्डा पडायला सुरुवात झालेली असते.

दंतवैद्याकडे: पहिला वाढदिवस होण्याआधी एकदा. काहीही दुखत नसताना. कीड लागलीच असेल, तरी दरवेळी ड्रिल लागतं असं नाही. सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नावाचं औषध लावून ती थांबवता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आधी माहीत असावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांसाठी वेगळे विभाग आहेत.

सरकारी यंत्रणेत दात कुठे आहे?

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या खाऊत किती साखर आहे हे दाखवणारे फलक. पाऊल योग्य आहे, पण कीड शाळेची वाट पाहत नाही. ती दीड-दोन वर्षांच्या वयातच सुरू झालेली असते.

त्या वयातल्या बाळापर्यंत यंत्रणा पोहोचत नाही असंही नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. दीड वर्षाच्या आसपास बूस्टर. आशा कार्यकर्ती ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी यावी, अशी योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत.

वजन केलं जातं, उंची मोजली जाते, लस टोचली जाते. त्याच वेळी ओठ उचलून पाहायला अर्धं मिनिट पुरतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, दंतवैद्यही लागत नाही. पांढरी रेघ कशी दिसते, हे आशाताईला आणि अंगणवाडीताईला एकदा दाखवलेलं असलं की झालं.

आणि पालकांनाही त्या दिवसाची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या लसीकरणाला बाळाला घेऊन जाल, तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: 'याचे दातही बघता का एकदा?' दात आल्याचं कौतुक घरात सगळेच करतात. तो दाढेपर्यंत टिकवायचा असेल, तर हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा, कारण तेव्हा काहीच दुखत नसतं.